यजमान-यंत्र म्हणजे कुठलं?

“यजमान-यंत्र म्हणजे कुठलं, तेवढं सांगा ताई,” फोनवरचा माणूस म्हणाला. “आमच्या शाळेत यजमान कुणीच नाही. सगळे पाहुणेच आहेत.”

मी कणीक मळत होते. फोन खांद्यात धरला आणि विचारलं, “आपण कोण?”

“यशवंत मगदूम. मिरजेजवळ अंध मुलांची निवासी शाळा आहे, तिथला मुख्याध्यापक. तुमचं ते ‘ठिपके’ बिल्ड करायलोय. तीनदा केलं. तिन्ही वेळा नीट झालं आणि तिन्ही वेळा चाललं नाही.”

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. ‘ठिपके’ हा आमच्या मंडळाचा प्रोग्राम होता. मराठी मजकूर द्यायचा, तो त्याचं ब्रेल करून छापायच्या मशीनकडे पाठवायचा. मंडळ म्हणजे ठिकठिकाणची दहा-बारा माणसं, पगार कुणालाच नाही. प्रोग्राम सगळ्यांना फुकट आणि त्याचा सोर्स कोड सगळ्यांना खुला. मात्र तो तयार मिळायचा नाही. कोड उतरवून घ्यायचा आणि त्यातून आपल्या संगणकावर चालेल असा प्रोग्राम आपणच बिल्ड करायचा. डाळ-तांदूळ आम्ही देऊ, भात तुम्ही शिजवा, असा कारभार.

माझा आणि संगणकाचा संबंध म्हणाल तर मी कोल्हापुरात एका कारखान्यासाठी मिक्सर आणि कुकरची माहितीपुस्तकं लिहायचे. ‘झाकण लावल्याशिवाय बटण दाबू नये’ हे वाक्य मी किती वेळा लिहिलं असेल ते देवाला ठाऊक. पण आमच्या मंडळाचा एकच कायदा होता, बोलेल तो करेल. कुणी एखाद्या गोष्टीची तक्रार केली की ती गोष्ट त्याच्याच गळ्यात पडायची. लोकांच्या पत्रांना कुणी उत्तर देत नाही, असं मी एकदा बोलले. झालं, तेव्हापासून उत्तरं मी देत होते. शहाणी माणसं त्यामुळे गप्प बसायला शिकली होती.

मगदूम गुरुजींची अडचण त्यांनीच नीट सांगितली. एका ट्रस्टनं शाळेला ब्रेल छापायचं मशीन दिलं होतं. त्याला तळहाताएवढा एक छोटा संगणक जोडलेला होता आणि ‘ठिपके’ त्यावर चालायला हवं होतं. तो छोटा जीव एवढं मोठं बिल्ड पेलणार नाही, म्हणून बिल्ड करायचं ऑफिसातल्या मोठ्या संगणकावर आणि तयार झालेलं न्यायचं छोट्यावर.

“ऑफिसातल्या संगणकावर झकास चालायलंय,” गुरुजी म्हणाले. “छोट्यावर नेलं की मख्ख. आणि शाळा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात छापून दाखवलं नाही तर ट्रस्टचे शहापुरे वकील मशीन उचलून दुसऱ्या संस्थेला देणार आहेत. गेल्या वर्षी सातवीला भूगोलाचं पुस्तक दिवाळीनंतर मिळालं, ताई. तोवर मी तोंडानं सांगायचो आणि पोरं पाठ करायची.”

मी स्वतः जन्मात काही बिल्ड केलं नव्हतं. हात धुतले आणि आमची ‘रचना-मार्गदर्शिका’ उघडली.

ती हेरवाडकर सरांनी लिहिली होती. श्रीनिवास हेरवाडकर, सांगलीच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातले प्राध्यापक आणि आमच्या मंडळाचे आधारस्तंभ. ‘ठिपके’चा निम्म्याहून जास्त कोड त्यांचा. माणूस खरोखर हुशार, वागायला सरळ, पण मराठी लिहायला बसला की अंगात यायचं. मार्गदर्शिकेच्या पहिल्याच पानावर होतं: ‘रचनाकर्त्याने रचना-यंत्र, यजमान-यंत्र व लक्ष्य-यंत्र यांची निश्चिती करून तदनुसार मूल्ये योजावीत.’ यातलं कुठलं यंत्र कुठलं, ते पुढं कुठंच नव्हतं. खाली ‘व्याख्यांसाठी परिशिष्ट पाहावे’ असं होतं. परिशिष्ट पाहिलं. ‘यजमान-यंत्र: ज्या यंत्रास यजमान म्हणून योजिले आहे ते.’

मला मनापासून राग आला. आमच्या कारखान्यात ‘झाकण म्हणजे जे झाकण म्हणून लावले आहे ते’ असं मी लिहिलं असतं, तर साहेबांनी मलाच मिक्सरमध्ये घातलं असतं.

दोन दिवस बाहेरची कागदपत्रं धुंडाळली, परदेशातल्या एका गटाला मोडक्या इंग्रजीत विचारलं आणि मग उलगडा झाला. जिथं बिल्ड करायचं ते रचना-यंत्र. तयार झालेलं जिथं चालवायचं ते यजमान-यंत्र. गुरुजींनी काम ऑफिसातल्या संगणकावर चाललंय म्हणून यजमान तोच धरला होता. बिचाऱ्या प्रोग्रामनं हुकूम पाळला आणि ऑफिसात चालेल असाच तयार झाला.

मी मंडळाच्या पत्रगटावर, म्हणजे सगळ्यांना एकदम जाणाऱ्या ई-मेलवर, दुरुस्ती पाठवली. तीन शब्दांऐवजी दोन साधी वाक्यं: ‘तुम्ही कुठल्या संगणकावर बिल्ड करता?’ आणि ‘तयार झालेलं कुठल्या संगणकावर चालवणार?’ तिसरं यंत्र आपल्या कामाचंच नव्हतं, म्हणून ते मी काढूनच टाकलं होतं.

सरांचं उत्तर तासाभरात आलं. ‘सुलभीकरणाच्या हव्यासात अचूकतेचा बळी नको. लक्ष्य-यंत्र वगळण्याचे कारण समजले नाही. मूळ संज्ञा कायम ठेवाव्यात.’

मी लिहिलं, ‘सर, वाचणाऱ्याला समजत नाही.’

सरांनी लिहिलं, ‘ज्यास समजत नाही त्याने रचना करू नये. त्याने मजकडे पाठवावे, मी करून देईन.’

हे शेवटचं सर मनापासून म्हणाले होते. मला वाटलं, सुटलो एकदाचे. मी लगेच गुरुजींना फोन लावला, “सर स्वतः करून द्यायला तयार आहेत. दोन दिवसांत मशीन सुरू.”



“आणि पुढच्या वर्षी काही बिघडलं की पुन्हा सरांच्या दारात?” गुरुजी म्हणाले. “राग मानू नका ताई. आमच्या पोरांचं सगळं आयुष्य कुणाच्या तरी दारात उभं राहण्यात जातं. रस्ता ओलांडायचाय, दार. फॉर्म भरायचाय, दार. हे तरी आपलं आपण येऊ दे की. तुम्ही मला सांगितलंत, मी करेन. पण माझ्यासारखे मास्तर आणखी दहा शाळांत आहेत, त्यांनी कुणाला फोन करायचा? ते लिहिलेलंच दुरुस्त करा.”

“सर ऐकत नाहीत.”

“मग मला त्यांच्याकडं घेऊन चला.”

मंडळाची वार्षिक बैठक सरांच्या सांगलीतल्या घरीच होती. रविवारी सकाळी मी गुरुजींना घेऊन पोहोचले. पांढराशुभ्र सदरा, हातात अंधांची पांढरी काठी, खांद्याला लॅपटॉपची पिशवी. दारात चप्पल काढता काढता मला म्हणाले, “घरात माणसं बरीच आहेत, आणि पोहे झालेत.” दोन्ही खरं होतं.

सरांनी अगदी आदरानं त्यांना बसवलं. पोहे झाले, चहा झाला आणि विषय निघाला. सरांनी अचूकतेवर छोटंसं व्याख्यानच दिलं. आमचे नागपूरचे बोधनकर मान डोलावत होते. बाकीची मंडळी बशीतली शेव वेचत होती. कुणी बोललं असतं तर काम गळ्यात पडलं असतं.

सर थांबल्यावर गुरुजी म्हणाले, “सर, मी काही शिकलेला इंजिनिअर नाही. मला एकच गोष्ट जमते, लिहिलंय तसं करणं. आमचा संगणक वाचतो, आम्ही ऐकतो आणि ऐकलं तसं करतो. माझं कुठं चुकतंय ते मला बघायचंय. म्हणजे ऐकायचंय. आज तुमची मार्गदर्शिका माझा लॅपटॉप वाचेल आणि बिल्ड तुम्ही करून दाखवा. चालेल?”

“अहो, मीच लिहिलंय ते,” सर हसले.

“म्हणूनच म्हटलं. लवकर होईल.”

माझ्या पिशवीत कारखान्याचा नवाकोरा लॅपटॉप होता, तो मी सरांपुढं ठेवला. गुरुजींनी अट घातली: जे ऐकू येईल तेवढंच करायचं, पदरचं काही घालायचं नाही.

गुरुजींचा लॅपटॉप सपाट आवाजात वाचू लागला. “आवश्यक ती पूर्वतयारी झाली आहे असे गृहीत धरून.”

सरांनी पटापट काहीतरी टंकायला सुरुवात केली.

“काय करताय सर?” गुरुजींनी आवाजावरून ओळखलं.

“पूर्वतयारी. दोन-तीन गोष्टी लागतात, त्या घालून घेतो.”

“कुठल्या, ते आलं नाही अजून.”

“ते सगळ्यांना माहीत असतं हो.”

“कुणाकुणाला?” गुरुजींनी अगदी निरागसपणे खोलीला विचारलं. बोधनकरांनी शेवेकडे पाहिलं.

सरांनी हात मागं घेतले. मी कागदावर लिहिलं, ‘पूर्वतयारी सांगणे.’

“तांबड्या अक्षरांतील सूचना विशेष लक्षपूर्वक वाचाव्यात,” लॅपटॉप म्हणाला आणि त्याच सुरात पुढं वाचत गेला. तांबडी कुठली नि काळी कुठली, त्याला काय त्याचं.

“आता तांबडं कुठलं होतं, सर?” गुरुजींनी विचारलं.

“ते... थांबा, मी बघून सांगतो.”

“बघून नाही. ऐकून.”

मागून कुणीतरी फिसकन हसलं. सर हसले नाहीत. त्यांचे कान लाल झाले होते आणि आता मला त्यांची दया येऊ लागली होती. मी मनात त्यांना बरंच बोलले होते, पण स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच माणसांपुढं आपलंच लिहिलेलं आपल्याला समजेना, ही काही कुणाला हवीशी वेळ नव्हे.

चहाची दुसरी फेरी आली. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, कप ठेवताना स्क्रीनकडे बघून म्हणाल्या, “अजून चाललंय? तुमचं तर एक बटण दाबलं की होतं.”



“एक बटण?” गुरुजी म्हणाले.

“माझी एक फाइल आहे,” सर चाचरत म्हणाले. “सुरुवातीला एकदा सगळं तिच्यात घालून ठेवलं. ती चालवली की आपोआप बिल्ड होतं.”

“म्हणजे या मार्गदर्शिकेवरून तुम्ही स्वतः कधीच...”

“नाही,” सर म्हणाले.

मग बोधनकरांनी घसा साफ केला आणि ती फाइल सरांनी आपल्यालाही दिल्याचं सांगितलं. त्यांच्याकडून ती शेजारच्यानं घेतली होती, त्याच्याकडून पलीकडच्यानं. बाकी होतो गुरुजी आणि मी. मंडळातल्या एकाही माणसानं आमची मार्गदर्शिका कधी वापरली नव्हती. सगळे तिची राखण मात्र जिवापाड करत होते.

“असू दे,” गुरुजी म्हणाले, “पुढं जाऊ.” त्यांनी कळ दाबली.

“रचना-यंत्र, यजमान-यंत्र व लक्ष्य-यंत्र यांची निश्चिती करावी.”

सरांनी पहिलं भरलं. दुसऱ्यापाशी थोडं थांबून तेही बरोबर भरलं. तिसऱ्यापाशी बोटं हवेत राहिली. पंखा घरघरत होता. सरांनी आमच्याकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे, मग पुन्हा आमच्याकडे.

“लक्ष्य-यंत्र म्हणजे काय,” ते हळू म्हणाले, “मला माहीत नाही.”

त्यांनी लॅपटॉप थोडा मागं सारला.

“परदेशी कागदपत्रांत तिन्ही होती. मी तिन्ही घेतली. पहिल्यांदा काय भरायचं ते कळेना, म्हणून तिथं यजमानाचंच नाव पुन्हा घातलं. चाललं. मग वाटलं, हे सगळ्यांना ठाऊक असणार, आता कुठं विचारायचं? शिकवणाऱ्या माणसाला विचारणं अवघड जातं हो.” त्यांनी मान वर केली. “कुणाला माहीत आहे?”

बोधनकर म्हणाले, “मला वाटायचं, तुम्हाला माहीत आहे.” बाकीच्यांच्या माना हलल्या.

त्या एका क्षणात माझा सगळा राग विरघळला. आता मलाच बोलायला हवं होतं आणि पुढचं सगळं काम माझ्या गळ्यात पडणार हेही दिसत होतं.

“सर, मोदकाचा साचा घ्या,” मी म्हटलं. “साचा तांबटाच्या दुकानात तयार होतो. ते रचना-यंत्र. वापरला जातो तुमच्या स्वयंपाकघरात. ते यजमान-यंत्र. आणि त्यातले मोदक खाल्ले जातात समजा शेजारच्या घरी. ते लक्ष्य-यंत्र. जो प्रोग्राम पुढं आणखी प्रोग्राम तयार करतो, त्यालाच हा तिसरा प्रश्न पडतो. आपलं ‘ठिपके’ काही साचा नाही, मोदक आहे. कुठं करायचा आणि कुठं खायचा, एवढं सांगितलं की झालं.”

सर माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी कपाळावर हात मारून घेतला आणि मोठ्यानं हसले. एवढं मोकळं हसताना मी त्यांना तोवर पाहिलं नव्हतं.

“इतकी वर्षं मी मोदकाला शेजारचं घर विचारत होतो,” ते म्हणाले. “काढा ते. तुमची दोन वाक्यं घाला. बोलेल तो करेल.”

“मी एकटी नाही करणार,” मी म्हटलं. “तुम्ही बसा, मी लिहिते आणि गुरुजी ऐकतील. गुरुजींना जिथं अडेल ते वाक्य बाद.”

जेवायच्या आधी सुरू केलं ते दिवेलागणीला संपलं. सरांची कितीतरी लाडकी वाक्यं बाद झाली. ‘तदनुसार’साठी ते फार भांडले, पण गुरुजी बधले नाहीत. शेवटी त्याच कोऱ्या लॅपटॉपवर, पदरचं काही न घालता, गुरुजींनी स्वतः बिल्ड केलं आणि तयार झालेलं शाळेत नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा शाळेतून फोन आला. छोट्या संगणकावर ‘ठिपके’ चालत होतं.

शहापुरे वकील शाळेत यायच्या दिवशी सर आणि मी दोघंही गेलो. मशीन शाळेच्या हॉलमध्ये टेबलावर होतं. भोवती मुलं दाटीवाटीनं बसली होती. छापायचा मजकूर काय आहे, हे गुरुजींनी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यांनी कळ दाबली आणि मशीन असं काही ठोकत सुटलं की वकिलांनी कानावर हात ठेवले. मुलं मात्र टाळ्या वाजवायला लागली.

कागद बाहेर आला. वकिलांनी तो उजेडाकडे धरून उलटसुलट पाहिला.

“कोराच दिसतोय,” ते म्हणाले.

“शाई नसते त्यात,” सर म्हणाले.

“ते ठीक आहे हो. पण हे बरोबर छापलंय कशावरून? उद्या ट्रस्टनं मला विचारलं तर?”

सर कागदाकडे पाहू लागले, मीही पाहिलं. आम्हीच केलेला प्रोग्राम, आम्हीच त्यासाठी जीव टाकलेला, आणि त्यातलं एक अक्षर आम्हाला वाचता येत नव्हतं. आमच्या मंडळात कुणालाच येत नव्हतं. हे तोवर माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

“रेश्मा, घे बघू,” गुरुजी म्हणाले.

सातवीतली रेश्मा नदाफ पुढं आली. कागद टेबलावर पसरून तिनं बोटं फिरवायला सुरुवात केली. पहिल्या ओळीला तिचे ओठ हलत होते. दुसऱ्या ओळीला ती थांबली, मागं गेली, पुन्हा वाचलं आणि खुदकन हसली. मग बोटं पळायला लागली आणि ती तोंडावर ओढणी धरून हसू लागली. शेजारच्या मुलीनं कागद ओढला, तीही हसायला लागली.

वकील त्यांच्याकडे बघत राहिले. “कोऱ्या कागदाला पोरी एवढ्या हसणार नाहीत,” ते म्हणाले. “राहू दे मशीन इथंच. आता मोठी पुस्तकं छापा, गुरुजी.”

गुरुजींनी नुसते हात जोडले.  माझे डोळे भरून आले आणि लपवायचं कारणही नव्हतं.

वकील चहाला गेल्यावर सर रेश्माजवळ गेले. “काय गं लिहिलंय त्यात?”

“एका सरांची गोष्ट आहे,” ती म्हणाली. “त्यांनी स्वतःच लिहिलेलं त्यांना वाचून दाखवलं, तर त्यांना काही करताच येईना. दोन चहा झाले तरी नाही. आणि ते सारखे घाम पुसत होते.”

सर ताठ झाले. “घाम नव्हे. चष्मा पुसत होतो मी.”

“तुम्हीच का ते सर?” रेश्मा पुन्हा हसली.

“पुसण्याचा आवाज आला,” गुरुजी मागून म्हणाले. “काय पुसताय ते अंदाजानं लिहिलं.”

“पण ते चुकीचं आहे. दुरुस्त करायला हवं. कुठं आहे तो शब्द?”

“इथं,” रेश्मानं सरांचा हात शोधला, त्यांची तर्जनी धरली आणि कागदावर टेकवली. “हा घ. हा काना. हा म.”

सरांनी डोळे बारीक करून कागदाकडे पाहिलं. मग डोळे मिटून घेतले आणि बोट पुढं सरकवलं, मागं आणलं. ते तसेच वाकून बराच वेळ उभे होते. मुलं हसायची थांबली.

“पुन्हा सांग, बाळ,” सर म्हणाले. “मला समजलं नाही.”